दम आणि जोर

मराठीत 'दम' हा शब्द फार कामाचा आहे. संस्कृतातला दम म्हणजे इंद्रियनिग्रह, फारसीतून आलेला दम म्हणजे श्वास. आपल्या भाषेने हे दोन्ही पाहुणे एकाच खोलीत उतरवून घेतले. त्यामुळे जिना चढून आलेल्या मनुष्यास दम लागतो, उतावळ्या मुलास दम धरावयास सांगतात, आणि एखादी मुलगी शाळेच्या शर्यतीत मागे पडली की घरातील वडील मंडळी 'तिच्यात दमच कमी' असे म्हणून मोकळी होतात. हा शेवटचा प्रयोग आम्हास तपासून पाहण्यासारखा वाटतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो अर्धा खरा व अर्धा खोटा आहे, आणि त्यातील खोट्या अर्ध्याने आजवर पुष्कळ मुलींची मैदाने बंद केली आहेत. उलट, 'स्त्री आणि पुरुष यांच्या शरीरबळात काहीच भेद नाही' असे आवेशाने सांगणारा दुसरा पक्षही हल्ली घरोघर आढळतो. त्याचीही गत फारशी निराळी नाही.

प्रथम दोन प्रकारच्या श्रमांतील भेद ध्यानात घ्यावा. पहाटे उठून जात्यावर पायलीभर दळणारी स्त्री आणि सुटलेली एस. टी. गाठण्यासाठी शंभर पावले जीव तोडून धावणारा तरुण, हे दोघेही श्रम करतात. पण त्यांच्या देहात चालणारे व्यवहार अगदी निराळे असतात. दळणारीच्या स्नायूंस जेवढा प्राणवायू लागतो तेवढा तिचे हृदय व फुप्फुसे पुरवू शकतात, म्हणून तिला दळता दळता ओवी म्हणता येते. धावणाऱ्याच्या स्नायूंची मागणी मात्र एकाएकी इतकी वाढते की प्राणवायू येऊन पोहोचण्यापूर्वीच काम भागवावे लागते. पहिल्या प्रकारास आपण प्राणवायुसापेक्ष श्रम म्हणू, दुसऱ्यास प्राणवायुनिरपेक्ष. नावे लांबलचक आहेत खरी, परंतु अर्थ नावातच आहे. या लेखापुरते पहिल्यास 'दम' व दुसऱ्यास 'जोर' म्हटले तरी चालेल.

जोराचा व्यवहार चालतो कसा? स्नायूचा प्रत्येक तंतू ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेट नावाच्या द्रव्याचे विघटन करून आकुंचन पावतो. हे द्रव्य म्हणजे ताटात वाढलेले अन्न. पण ते दोन-तीन सेकंदांत संपेल इतकेच असते. ते संपत आले की फॉस्फोक्रिएटिन नावाचा दुसरा साठा ते लगोलग भरून काढतो. हे शिंकाळ्यावर झाकून ठेवलेले अन्न, आणि जिवाच्या आकांताने धावल्यास तेही आठ-दहा सेकंदांत बहुतेक सरते. त्यानंतर फडताळातील पिठास हात घालावा लागतो. स्नायूत साठवलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, प्राणवायूवाचून अर्धवट जाळून तिच्यातून झटपट शक्ती काढली जाते. हा व्यवहार झटपट खरा, पण उधळेपणाचा. शर्करेच्या ज्या एका कणातून प्राणवायूच्या साह्याने तीसच्या आसपास ॲडेनोसिन ट्रायफॉस्फेटचे कण मिळतात, त्यातून या रीतीने अवघे तीन मिळतात. शिवाय मागे दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टिक आम्ल, उरते. या आम्लास पूर्वीची पुस्तके विषच समजत. पण हृदय व इतर स्नायू तेच पुढे इंधन म्हणून वापरतात, असे आता सिद्ध झाले आहे. तेव्हा विष हा शब्द त्यास लावू नये.

स्नायू आणि दुग्धाम्ल यांचा संबंध फ्लेचर व हॉपकिन्स या इंग्लिश शास्त्रज्ञांनी १९०७ साली बेडकांच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखविला. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांस या विषयावरील कामाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिलसाहेब स्वतः चांगले धावपटू असून आपल्या प्रयोगांत आपल्यालाच राबवीत. धावणे थांबल्यावरही मनुष्य काही वेळ धापा का टाकतो, याचा उलगडा त्यांनी गृहस्थाश्रमी माणसास चटकन पटेल अशा शब्दांत केला: स्नायूंनी घाईच्या वेळी प्राणवायूची उचल केलेली असते, ते ऋण फेडण्यासाठी मागाहून श्वास जोराने चालतो. ऋणाचा हा हिशेब हिल यांना वाटला तितका सरळ नाही, असे नंतरच्या संशोधनाने ठरविले; पण मूळ कल्पना टिकून आहे.

आता हा जोर मोजावयाचा कसा? दम मोजणे त्या मानाने सोपे आहे. नाकातोंडावर मुखवटा लावून मनुष्य किती प्राणवायू घेतो ते पाहिले की झाले. जो व्यवहार प्राणवायूवाचून होतो तो श्वासात सापडत नाही. यावर इस्राएलमधील विंगेट संस्थेत १९७० नंतरच्या दशकात एक युक्ती निघाली. जागच्या जागी राहणाऱ्या सायकलीवर मनुष्यास बसवावयाचे, त्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे ७५ ग्रॅम या हिशेबाने चाकावर रोध घालावयाचा, आणि तीस सेकंद सर्व शक्तीनिशी पायटे मारावयास सांगावयाचे. पहिल्या पाच सेकंदांत जोराचा कळस दिसतो. तीस सेकंदांची सरासरी काढली की साठ्याचा अंदाज येतो. आणि कळसापासून शेवटापर्यंत जोर किती घसरला त्यावरून थकवा कळतो. तीस सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाचणाऱ्यास वाटेल. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांस तसे वाटत नाही. दुसरी रीत मेदबो या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली मांडली. श्रमास एकूण किती प्राणवायू लागला असता याचे गणित करून, त्यातून प्रत्यक्ष घेतलेला प्राणवायू वजा करावयाचा. जी तूट येईल ती म्हणजे प्राणवायुनिरपेक्ष साठ्याचे माप. शाळेतील वजाबाकीच ती, पण तिच्या वरच्या ओळीतील आकडा मिळविण्यास बरेच दिवस घाम गाळावा लागतो.

या मापांनी स्त्री-पुरुषांची तुलना केली असता काय दिसते ते आता सांगतो. निव्वळ जोर पाहिला तर सशक्त तरुण स्त्रीचा जोर तशाच पुरुषाच्या सुमारे दोन-तृतीयांश भरतो. ही तफावत मोठी आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परंतु तोच जोर देहाच्या वजनाने भागला, म्हणजे दर किलोग्रॅममागे किती जोर हे पाहिले, की अंतर पुष्कळ आटते. पुढे आणखी एक पायरी जाऊन वजनातून चरबी वगळली व केवळ मांसल देहाने भागाकार केला, तर अंतर थोडेच उरते. याचा अर्थ असा की, भेद मुख्यतः स्नायूंच्या परिमाणाचा आहे. त्यांच्या जातीचा भेद त्या मानाने अल्प आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ४६८ स्त्री-पुरुषांच्या देहांची चुंबकीय चित्रे घेऊन स्नायूंचे वजन काढले होते. पुरुषांत ते सरासरी ३३ किलोग्रॅम भरले, स्त्रियांत २१. त्यातही अंतर कमरेच्या वर अधिक, म्हणजे सुमारे ४० टक्के, आणि कमरेच्या खाली त्याहून कमी, सुमारे ३३ टक्के आढळले. भाऊ-बहीण पंजा लढवू लागले असता बहिणीचा हात जितक्या लवकर टेकतो, तितक्या सहज भाऊ तिला टेकडी चढताना मागे टाकू शकत नाही, त्याचे हे एक कारण.

येथे थोडे विषयांतर करतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पुरुषाच्या देहात पाचशे पेशी मोजल्या असून स्त्रीच्या देहात वीस अधिक सांगितल्या आहेत. तेव्हा नुसत्या संख्येचाच प्रश्न असता तर आपल्या आयुर्वेदाने जयपत्र केव्हाच स्त्रियांच्या हाती दिले असते. सुश्रुताच्या पेशी आणि आजच्या शरीररचनाशास्त्रातील स्नायू हे तंतोतंत एकच नव्हेत, आणि सुश्रुताचा 'स्नायु' शब्दही आपल्या आजच्या स्नायूहून निराळा आहे. प्राचीन ग्रंथांत सर्व आधुनिक शोध आधीच होते असे मानणाऱ्यांच्या पंक्तीत आम्ही बसत नाही. परंतु त्याच संहितेच्या चिकित्सास्थानात व्यायामाचे एक माप दिले आहे, ते पाहून मात्र आदर वाटतो. व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्यापर्यंत करावा असे सांगून हे अर्धे ओळखावयाचे कसे, याचे उत्तर तेथे दिले आहे: हृदयस्थ वायू मुखाकडे येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घेण्याची पाळी आली, की अर्धे बळ खर्ची पडले असे समजावे. आजचे व्यायामवैद्यही श्रम वाढवीत नेताना श्वास कोणत्या टप्प्यावर एकदम वाढतो हे पाहतात. दुग्धाम्ल रक्तात साठू लागण्याचा सुमारही साधारण तोच असतो. सुश्रुतास दुग्धाम्ल ठाऊक नव्हते. पण धापा टाकणारी माणसे त्याने नीट पाहिली होती.

स्नायूंच्या जातीतील तो अल्प भेद कोणता, हेही पाहू. स्नायूंत स्थूलमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. शीघ्र तंतू झटकन व जोराने आकुंचन पावतात आणि लवकर थकतात; मंद तंतू सावकाश चालतात आणि दीर्घकाळ टिकतात. पुरुषांत शीघ्र तंतू अधिक जाड झालेले असतात. स्त्रियांच्या मांडीच्या स्नायूत मंद तंतूंनी व्यापलेला भाग तुलनेने अधिक असतो. शर्करा प्राणवायूवाचून जाळण्यास जी विकरे लागतात तीही पुरुषांच्या स्नायूंत अधिक जोमाने काम करतात. म्हणून तीस सेकंदांच्या परीक्षेनंतर पुरुषांच्या रक्तात दुग्धाम्ल अधिक आढळते.

पण याच नाण्याची दुसरी बाजू अशी की, पुरुषाचा जोर कळसावरून अधिक वेगाने कोसळतो. एकामागून एक अशा अनेक दौडी लावल्या, मध्ये थोडी थोडी विश्रांती दिली, तर स्त्रियांचा जोर पहिल्या दौडीच्या मानाने कमी घसरतो. येथे कोणी घाईने स्त्रियांच्या बाजूने डंका पिटू नये. ज्याने प्रथम थोडीच उचल केली त्यास फेडही थोडीच करावी लागते. आणि पहिल्या दौडीत ज्यांचा जोर सारखाच निघाला अशा स्त्री-पुरुषांची जोडी लावून पाहिले असता हा भेद बहुतेक नाहीसा होतो, असेही प्रयोगांत दिसले आहे. स्थिर पकडीचा एक प्रयोग मात्र लक्षात राहण्याजोगा आहे. हंटर व एनोका या अमेरिकी संशोधकांनी २००१ साली स्त्री-पुरुषांस आपापल्या कमाल बळाचा पाचवा हिस्सा हाताने सतत लावून धरावयास सांगितले. स्त्रियांनी तो पुरुषांच्या दुपटीहून अधिक वेळ धरला. याचे कारण मनोनिग्रहात शोधावयाचे नाही. बलवान स्नायू आकुंचन पावताना स्वतःच्याच रक्तवाहिन्या अधिक दाबतो आणि आपली रसद आपणच तोडतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे.

शर्यतींचे आकडे पाहणे आम्हास नेहमीच बोधप्रद वाटते. कारण तेथे घड्याळ कोणाची भीड धरीत नाही. उसेन बोल्टने २००९ साली बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत तोडले. फ्लॉरेन्स ग्रिफिथ-जॉयनरने १९८८ साली इंडियानापोलिसला १०.४९ सेकंदांत. अंतर साडेनऊ टक्के. ४०० मीटरमध्ये वेड व्हॅन नीकर्कचे २०१६ चे ४३.०३ सेकंद आणि मारिता कॉखचे १९८५ चे ४७.६० सेकंद घेतले, तर अंतर साडेदहा टक्क्यांच्या किंचित वर जाते. म्हणजे सायकलीवरील निव्वळ जोरात जी तेहेतीस टक्क्यांची दरी दिसते, ती धावपट्टीवर दहा-अकरा टक्क्यांवर येते. कारण उघड आहे: धावणाऱ्यास स्वतःचा देह वाहून न्यावयाचा असतो, आणि हलक्या देहास जोरही कमी लागतो. पोहण्यात तर याहून मौज दिसते. ५० मीटरच्या मुक्त पोहण्यात सीझर सिएलोचे २००९ चे २०.९१ सेकंद आणि सारा स्योस्ट्रमचे २०२३ चे २३.६१ सेकंद यांत जवळजवळ तेरा टक्क्यांचे अंतर पडते. पण १५०० मीटरमध्ये बॉबी फिंकचे २०२४ चे १४ मिनिटे ३०.६७ सेकंद आणि केटी लेडेकीचे २०१८ चे १५ मिनिटे २०.४८ सेकंद यांत सहा टक्क्यांहून कमी. जेथे जोराचे राज्य आहे तेथे दरी रुंद, जेथे दमाचे राज्य आहे तेथे अरुंद. पाण्यात चरबीही तरंगण्यास मदत करते, हे वेगळेच.

या सर्व शर्यतींत ८०० मीटरची शर्यत दम आणि जोर यांच्या सीमेवर उभी आहे. तिला लागणाऱ्या शक्तीपैकी तीन-पंचमांशाहून अधिक प्राणवायूच्या साह्याने मिळते, बाकीची उसनवारीची. त्यामुळे शेवटच्या शंभर मीटरांत धावणाऱ्याची, मग तो कोणीही असो, अवस्था पाहवत नाही. नेमक्या याच शर्यतीवरून स्त्रियांवर एक मोठा अन्याय झाला. १९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकात स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत प्रथमच ठेवली होती. २ ऑगस्ट रोजी अंतिम फेरीत नऊ स्त्रिया धावल्या. जर्मनीची लिना राड्के २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली. जपानची हितोमी किनुए दुसरी, स्वीडनची इंगा गेंट्झेल तिसरी. पहिल्या तिघींनीही तोवरचा विश्वविक्रम मोडला. नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली. शर्यत संपल्यावर काहीजणी हिरवळीवर पडल्या, धापा टाकू लागल्या. आणि एवढ्यावरून वृत्तपत्रांनी असा काही गहजब केला की बोलावयास नको. एका अमेरिकी बातमीदाराने तर धावणाऱ्या अकरा होत्या व त्यांतल्या पाच वाटेतच गळाल्या, असे छापले! नऊ मोजता न येणाऱ्या लेखणीने स्त्रीजातीच्या शरीराबद्दल निर्णय द्यावा आणि तो जगाने मानावा, याहून मोठा विनोद कोणता? पुरुषही त्या अंतरानंतर जमिनीवर पडत. पण त्यास पराक्रमाची खूण म्हणत. परिणाम असा झाला की पुढे बत्तीस वर्षे ऑलिंपिकात स्त्रियांस २०० मीटरपेक्षा लांब शर्यत मिळाली नाही. १९६० साली रोममध्ये ८०० मीटर पुन्हा सुरू झाली, तेव्हा सोव्हिएत संघाच्या ल्युदमिला शेव्त्सोवाने ती २ मिनिटे ४.३ सेकंदांत जिंकली. हितोमी किनुए हा दिवस पाहण्यास नव्हती. ॲम्स्टरडॅमच्या शर्यतीस बरोबर तीन वर्षे झाली त्याच तारखेस, २ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले होते.

रोमच्याच त्या ऑलिंपिकात आपल्या मिल्खासिंगांचे ४०० मीटरमधील पदक एक दशांश सेकंदाने हुकले, आणि पुढे १९८४ साली लॉस एंजेलिस येथे पी. टी. उषा यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील पदक ५५.४२ सेकंदांच्या वेळेमुळे एक शतांश सेकंदाने. दोघेही चौथे. दोन्ही शर्यती उसनवारीच्या टोकाच्या. शेवटच्या वळणानंतर साठ्यात काय उरले आहे यावर सर्व काही अवलंबून. उषांची शर्यत तर स्त्रियांसाठी त्या वर्षी ऑलिंपिकात प्रथमच ठेवली गेली होती. हुकलेल्या त्या दोन पदकांचा उल्लेख आपल्याकडे हळहळीनेच होतो. पण पंचेचाळीस-पंचावन्न सेकंदांच्या निकराच्या श्रमात स्त्री आणि पुरुष किती सारख्या रीतीने झिजतात, हे त्यातून दिसते ते कोणी पाहत नाही.

आपल्या देशी खेळांचा या दृष्टीने विचार केलेला आढळत नाही, म्हणून दोन शब्द लिहितो. कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची असते, म्हणजे नेमकी विंगेटच्या परीक्षेइतकी. स्त्रियांचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, पुरुषांचे १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. पण चढाईची मर्यादा दोघांसही सारखीच. श्वास रोखून 'कबड्डी, कबड्डी' म्हणत राहणे म्हणजेच प्राणवायुनिरपेक्ष श्रम, असा समज असेल तर तो बरोबर नाही. रक्तात प्राणवायू भरपूर असताही पायांची मागणी त्याहून मोठी असते, हे त्याचे मर्म. खो-खोची रचना तर या शास्त्राच्या जाणत्याने केली की काय असे वाटावे इतकी चपखल आहे. आठजण चौकोनात बसलेले, एकटा धावणारा. त्याने खो दिला की तो बसला, दुसरा उठला. क्षणभर जीव खाऊन धावणे, मग थोडी विश्रांती, पुन्हा धावणे. ज्यात पुनःपुन्हा लावलेल्या दौडींचीच परीक्षा होते अशा या खेळाचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा भारताच्या स्त्रियांनी नेपाळवर ७८–४० असा आणि पुरुषांनीही नेपाळवरच ५४–३६ असा विजय मिळविला. प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे.

आता हा भेद उत्पन्न केव्हा होतो ते पाहणे घरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या जोरात म्हणण्यासारखे अंतर नसते. पाचवी-सहावीच्या वर्गांची शर्यत लावली की पहिल्या तिघांत एखादी मुलगी हटकून असते, हे शिक्षकाच्या पेशात वर्षे काढलेल्या कोणासही ठाऊक असते; नववीत तीच मुलगी मैदानाच्या कडेस उभी असते. बारा-तेराव्या वर्षापासून मुलांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन नावाचा स्राव वाढू लागतो, तो प्रौढ वयात स्त्रियांच्या मानाने सुमारे पंधरापट होतो. त्यामुळे स्नायू भरतात, हाडे रुंदावतात, रक्तातील तांबडे द्रव्यही वाढते. एवढा भाग निसर्गाचा. परंतु त्याच वयास मुलीस बाहेर खेळू न देणे, तिच्यापुढे अभ्यासाबरोबर घरकाम ठेवणे, मासिक पाळीच्या चार दिवसांत तिला रोगी समजणे, हा भाग निसर्गाचा नव्हे. पाळीच्या दिवसांत जोर किती घटतो यावर झालेल्या ७८ संशोधनांचा २०२० साली एकत्र आढावा घेतला गेला. सरासरीने घट अगदीच नगण्य निघाली, आणि व्यक्तिव्यक्तींत फरक पुष्कळ. तेव्हा ज्या मुलीस त्या दिवसांत त्रास होतो तिने विश्रांती घ्यावी, जिला होत नाही तिला खेळू द्यावे. यात आजीच्या किंवा आमच्या मताचे काम नाही.

आणखी एक गोष्ट. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षीण आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. रक्तातील तांबडे द्रव्यच कमी असेल तर उसना घेतलेला प्राणवायू फेडावयाचा कशाने? अशा मुलीस पहिल्या दौडीनंतर दुसरी लावता येत नाही, आणि घरचे म्हणतात, मुलीची जात! दहा-वीस रुपयांच्या लोहाच्या गोळ्यांनी वैद्याच्या सल्ल्याने जे सुधारले असते, त्यास जातिस्वभाव ठरविणे हे आम्हास केवळ आळसाचे लक्षण वाटते. शास्त्रज्ञांकडेही बोट दाखविले पाहिजे. २०१४ ते २०२० या काळात क्रीडाशास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांत आलेले पाच हजारांहून अधिक निबंध तपासले गेले, तेव्हा प्रयोगास बसलेल्यांत स्त्रिया ३४ टक्के होत्या, आणि केवळ स्त्रियांचाच अभ्यास केलेले निबंध ६ टक्के. पुरुषांवर केलेला प्रयोग 'मनुष्यावरील' प्रयोग म्हणून छापला जातो, ही पद्धत आपल्या व्याकरणातील पुल्लिंगासारखीच अंगवळणी पडली आहे.

मैदानांची गोष्ट येथे सोडू. कारण जोराची खरी गरज घरातील ज्या व्यक्तीस सर्वांत अधिक असते ती धावत नाही. पाटावरून उठणे, पायरी चढणे, मोरीत पाय घसरला असता क्षणात दुसरा पाय टाकून तोल सावरणे, ही सर्व प्राणवायुनिरपेक्ष श्रमाचीच उदाहरणे होत. दोन-तीन सेकंदांचे काम, ताटात वाढलेल्या अन्नावरच भागणारे. वय वाढले की स्नायू झिजतात. त्यांतही शीघ्र तंतू आधी झिजतात, म्हणून दमापेक्षा, नुसत्या बळापेक्षाही, जोर लवकर जातो. पुरुषाचा साठा मुळात मोठा असल्यामुळे झीज होऊनही त्याचे पुष्कळ दिवस निभते. स्त्रीचा साठा लहान, आयुष्य मात्र सरासरीने दीर्घ. त्यामुळे 'हात दे ग, उठवत नाही' असे म्हणण्याची वेळ आजीवर आजोबांच्या आधी येते आणि अधिक वर्षे राहते. पायाला आधार म्हणून काठी आणणारे घर पुष्कळ असते. पायातच जोर आणता येईल असा विचार करणारे घर विरळा.

तो आणता येतो. फियातारोन या वैद्य स्त्रीने व तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा स्त्री-पुरुषांस मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम दिला आणि १९९० साली तो प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ जणांनी तो पुरा केला. आठ आठवड्यांत त्यांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नव्वदाव्या वर्षी हे होते, तर साठाव्या वर्षी का होऊ नये? व्यायामाने बळ वाढण्याचे प्रमाण स्त्री-पुरुषांत जवळजवळ सारखेच असते, हेही या विषयावरील बहुतेक प्रयोगांत दिसून आले आहे. घरातील स्त्रियांस 'दिवसभर कामच तर करते, वेगळा व्यायाम कशाला' असे जे सांगितले जाते त्यातील चूक येथे आहे: दिवसभराचे काम दमाचे असते, जोराचे नसते. दहा वेळा ओट्यापासून फडताळापर्यंत चालण्याने पायरी चढण्याचा जोर टिकत नाही.

जोर किती उरला आहे हे पाहण्यास सायकल नको की मुखवटा नको. रिकली व जोन्स या दोघींनी ठरविलेली एक परीक्षा आहे, तीही योगायोगाने तीस सेकंदांचीच. सतरा इंच उंचीच्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसावयाचे, दोन्ही हात छातीवर आडवे घडी घालून ठेवावयाचे, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून पुन्हा बसता येते ते मोजावयाचे. अमेरिकेतील मोजणीत ६५ ते ६९ वर्षांच्या मधल्या निम्म्या स्त्रिया ११ ते १६ वेळा उठल्या, पुरुष १२ ते १८ वेळा. ७० ते ७४ मध्ये स्त्रिया १० ते १५, पुरुष १२ ते १७. ज्याचा आकडा यापेक्षा कमी येईल त्याने हेच उठणे-बसणे रोज थोडे थोडे करीत जावे. प्रथम हाताचा आधार घेऊन, नंतर आधार सोडून. उठताना झटकन उठावे, बसताना सावकाश बसावे. ज्यांस हृदयविकार किंवा गुडघ्याचे दुखणे आहे त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांस विचारावे. खुर्ची भिंतीस टेकवून ठेवावी, घसरणारी प्लास्टिकची घेऊ नये, आणि पहिल्या दिवशी घरातील कोणी तरी जवळ उभे असावे. मोजण्याचे काम नातवाकडे द्यावे.